बॅटरीपासून एक वीत

मालोजीशेठनी कळंब गावाला जी रुग्णवाहिका दिली तिच्यावर त्यांचं नाव नऊ ठिकाणी होतं. ‘रुग्णवाहिका’ हा शब्द दोन ठिकाणी होता. त्यातला एक मागच्या दारावर, म्हणजे पेशंट आत घ्यायला दार उघडलं की दिसेनासा होणारा. दुसरा बॉनेटवर, उलट्या अक्षरांत, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटा दिसावा म्हणून. शेठना ही युक्ती फार आवडली. त्यांनी पुढचं आपलं नावही उलटं लिहून घ्यायला सांगितलं, मग लिहिलेलं पाहिलं आणि रंगाऱ्याला चारचौघांत झापलं. माझं नाव उलटं करणारा अजून जन्माला यायचाय, असं ते म्हणाले. नाव सुलटं झालं.

शेठचं कळंबच्या अलीकडे रिसॉर्ट आहे. मुंबईची माणसं शनिवारी येऊन तिथं बैलगाडीत बसतात आणि रविवारी परत जातात. बैल सोमवारी सुट्टी घेतात. एवढी लोकसेवा करून झाल्यावर शेठना निवडणुकीला उभं राहावंसं वाटणं साहजिक होतं. निवडणूक कधी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. शेठ मात्र तयारीत होते.

गावाला रुग्णवाहिकेची गरज होती हेही खरं. या प्रकरणात शेठच्या हातची नसलेली एवढी एकच गोष्ट होती, की गरज खरी होती. कळंबच्या सोनुबाईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीन वेळा तिला डायलिसिसला पनवेलला जावं लागे, आणि वाटेत धाप लागली तर ऑक्सिजन लागे. वर्षभर ती भाजीच्या टेंपोत, काकडीच्या पोत्यांना टेकून गेली. येताना तिचं रक्त स्वच्छ असायचं आणि लुगड्याला मातीचा वास यायचा.

सोनुबाई ही हर्षलाची सख्खी आत्या. हर्षलाचं चौकला जुन्या हायवेवर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिनं आयटीआय केलं, दुसऱ्याच्या हाताखाली आठ वर्षं काढली आणि मग स्वतःचं शटर उघडलं. अजूनही नवं गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, “मिस्त्री कुठं गेले?” ती हातातला पाना खाली ठेवते, “आलेच,” म्हणते आणि पाना परत उचलते.

गाडी तिच्याकडं घेऊन आला तो कमलेश, शेठचा भाचा. तो शेठचा सोशल मीडिया सांभाळतो. म्हणजे शेठ पुढं चालतात आणि हा त्यांच्यासमोर मोबाइल धरून मागं मागं चालतो. या कामात तो दोनदा गटारात पडला आहे, पण व्हिडिओ हलला नाही.

“ताई, मोठा डायनामो टाकायचाय,” तो म्हणाला. “दीडशे अँपिअरचा. आत एसी, ऑक्सिजनचं मशिन, जोडीला सिलिंडर, मागं टीव्ही. टीव्हीवर शेठचं भाषण चालू राहणार. वर दोन्ही बाजूंना नावाचा बोर्ड, पळत्या अक्षरांचा. चार स्पीकर.”

“पेशंटला काय काय लागतं यातलं?”

“मशिन लागतंय ना.”

“टाकते. पण चार्जिंगची तारही बदलावी लागेल.”

“तार आहे की.”

“ती सत्तरच्या डायनामोची आहे. पाऊण इंची पाइपला तीन इंची पंप जोडला तर काय होईल?”

“फोर्स येईल,” कमलेश म्हणाला.

हर्षलानं उदाहरणं देणं बंद केलं. सरळ सांगितलं. डायनामोपासून बॅटरीपर्यंत जाते ती चार्जिंगची तार. ती जाड हवी, पस्तीस स्क्वेअरची. आणि तिच्यात दोनशे अँपिअरचा फ्यूज हवा, तोही बॅटरीपासून एका वितीच्या आत. कारण ही तार कुठं गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी आपला सगळा जोर एकदम त्या तारेत सोडते. मग तार लालभडक होते, तिच्यावरचं प्लास्टिक पेटतं, आणि मग शेजारी जे असेल ते. फ्यूज असला तर तो जळतो आणि तिथंच थांबतं. फ्यूज लांब बसवला, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार उघड्यावरच राहिली.

कमलेशनं विचार केला. “म्हणजे जळण्यासाठी म्हणून एक वस्तू विकत घ्यायची?”

“हो. ती जळली म्हणजे तिनं काम केलं.”

कमलेशच्या ओळखीत असं कोणीच नव्हतं. त्याच्या अनुभवात जो जळतो तो विरोधी पक्षातला असतो.

तरी हर्षलानं काम आपल्या मनासारखं केलं. नवी तार ओढली, तिला नळीत घातलं, रेडिएटरच्या पट्टीवरून नेताना जिथं जिथं पत्र्याची धार होती तिथं रबर बसवलं. बॅटरीशेजारी फ्यूजची पारदर्शक डबी लावली. फ्यूज तिनं दोन आणले होते, एक लावायला, एक जवळ ठेवायला. गाडीत आत्या झोपणार होती. हातानं तार तीनदा ओढून पाहिली, मग बॉनेट बंद केलं. कमलेश गाडी घेऊन कळंबला गेला.

कळंबला शेठना एक गोष्ट खटकली. गाडीवर नाव नऊ ठिकाणी होतं, पण चेहरा समोरून दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी कल्याणहून बोर्डवाला आला आणि त्यानं गाडीच्या नाकावर, जाळीच्या पुढं, शेठचा हसरा चेहरा बसवला. भोवती दिव्यांची माळ. चेहरा जड होता. तो पेलायला लोखंडी अँगल लागला, आणि अँगल आत रेडिएटरच्या पट्टीला बोल्ट मारून बसवला. मध्ये एक जाडजूड लाल तार येत होती. बोर्डवाल्यानं ती अँगलखाली दाबली आणि बोल्ट कसला. त्याचं काम चेहरा बसवण्याचं होतं. तो बसला.

सोमवारी उद्घाटन. गाडी सकाळी रिसॉर्टवरून गावात निघाली. ओढ्यावरच्या साकवाजवळ एक मोठा खड्डा आहे. तो गेल्या तीन उद्घाटनांपासून तिथंच आहे. त्या खड्ड्यात गाडी आदळली, अँगलची धार तारेच्या प्लास्टिकमधून तांब्यापर्यंत गेली, आणि बॉनेटखाली हर्षलाचा फ्यूज जळला. म्हणजे त्यानं काम केलं. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. गाडी चालवत होता नागू. तो म्हणाला, “रुग्णवाहिका हाय. लाल लाइट असनारच.”

आता डायनामो फिरत होता पण बॅटरी भरत नव्हता. बॅटरीच्या जिवावर नावाचे दोन बोर्ड, एक चेहरा, एक टीव्ही आणि चार स्पीकर चालू होते. पाहुणे दोन तास उशिरा आले. इतक्या वेळात शेठचा चेहरा आधी पिवळा पडला, मग मातकट झाला, आणि फीत कापायच्या वेळी विझला. टीव्हीवर शेठ ‘माझ्या मायबाप जनतेसाठी मी’ इथवर आले आणि तिथंच राहिले. नागूनं सायरन दाबला तर करडू ओरडल्यासारखा आवाज आला. पोरं हसली. मग बायका हसल्या. मग पाहुणेही हसले, आणि शेठचा राग गाडीवर न जाता तिथं हजर नसलेल्या माणसावर गेला. तो तसा नेहमीच जातो. हजर माणसं मतदार असतात.

“कोणी केलंय वायरिंग?” शेठ म्हणाले.

“चौकची ती बाई,” कमलेश म्हणाला. आदल्या दिवसापर्यंत ती ताई होती.

नागूनं बॉनेट उघडलं. पारदर्शक डबीत फ्यूज काळा पडला होता. “फूज गेलाय,” तो म्हणाला. “त्यात काय? हानतो तार.”

नागूचा अधिकार इथं सांगायला हवा. तो ट्रॅक्टर चालवायचा, पण गावात त्याला मान आहे तो डीपीमुळं. गावाबाहेर विजेचा डीपी आहे. उन्हाळ्यात सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपीतली फ्यूजची तार वितळते आणि गाव अंधारात जातं. तक्रार केली की नंबर मिळतो. नागूला हाक मारली की नागू मिळतो. तो पायात गमबूट घालून, हातात कोरडी काठी घेऊन जातो आणि डीपीत बोटाएवढी जाड ॲल्युमिनियमची तार टाकतो. ती तार वितळत नाही. दहा वर्षांत एकदाही वितळलेली नाही. डीपी मात्र तीन जळाले. पण डीपी जळला की नवा येतो, आणि त्याचा नागूच्या तारेशी काही संबंध आहे असं गावात आजवर कोणी म्हटलेलं नाही.

नागूनं डबीतला फ्यूज काढून फेकला. त्याच्या जागी डबीतल्या दोन बोल्टांमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेचे तीन वेढे मारले आणि पकडीनं आवळले. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू केली. चेहरा उजळला. टाळ्या झाल्या. उद्घाटन दुसऱ्यांदा झालं.

फ्यूज का गेला, हे त्या मांडवात दोनशे माणसांपैकी एकानंही विचारलं नाही. फ्यूज गेला म्हणजे फ्यूज वाईट. जो ओरडला तोच चोर.

दुपारी कमलेशनं हर्षलाला फोन केला. “तुमच्या फ्यूजमुळं शेठची इज्जत गेली. नागूकाकांनी डायरेक्ट केलंय आता. एकदम ओके.”

हर्षलानं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “गाडी जिथं आहे तिथं उभी ठेव. बॅटरीची तार काढून ठेव. मी निघते.”

“गाडी रिसॉर्टमध्ये शूटिंगला आहे. तुम्ही कशाला येता? उद्या सकाळी मीच तुमच्याकडं पाठवतो. आधी चेक करा, मग पेशंट. प्रॉमिस.”

“पेशंट आधी बसवायचा नाही, कळलं का?”

“प्रॉमिस बोललो ना ताई.” ती परत ताई झाली होती. तिथंच तिला शंका यायला हवी होती.

मंगळवारी सकाळी नऊला फोन आला. आत्याचा.

“हर्षे, मी तुज्या गाडीत हाय गं! आडवी झोपलेय, राणीवानी. कर्जतचा चार फाटा आला. त्यो कमलेश माझं पिच्चर काडतोय. तू रस्त्यावर ये, मी हात करते.”

“आत्या, खाली उतर.”

“आँ?”

“गाडी थांबवायला सांग आणि खाली उतर! आत्ता! नागूकाकाला फोन दे.”

फोन स्पीकरवर गेला. एसीचा आवाज, आणि मागं टीव्हीवर शेठचं भाषण. “काय नाय व्हत गं पोरी,” नागू म्हणाला. “डीपीला टाकतो ना, त्यातलीच टाकलीय. तुटायची नाय.”

“तुटायला हवी, काका! तुटायलाच हवी ती!”

“ताई, लाइव्ह चालू आहे,” कमलेश कुजबुजला आणि फोन कट झाला. परत लावला तर लागेना.

हर्षलानं पिशवी भरली. पाने, पकड, तारेच्या टोकाला बसणारं तांब्याचं लग, ते दाबायचा पंच, रबर, टेप, दुसरा फ्यूज. शटर अर्धं ओढून स्कूटी काढली आणि कर्जतच्या रस्त्याला लागली. रस्ता एकच आहे, चुकामूक होण्यासारखा नाही. वाटेत किती स्पीडब्रेकर आहेत हे तिला पाठ होतं. आज ते तिला एकेक करून मोजावे लागले, उलट्या बाजूनं. गाडी आता कितव्यावर असेल, हा हिशेब डोक्यातून जाईना. लांबून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीमागं तिला धूर दिसत होता.

पाच-सहा किलोमीटरवर एक रसवंती आहे, तिच्यासमोर उंच स्पीडब्रेकर. तिथं समोरून शेठचा हसरा चेहरा येताना दिसला. दिवसाउजेडी दिवे लावलेले. हर्षलानं स्कूटी रस्त्यात आडवी घातली आणि स्वतः तिच्यापुढं उभी राहिली.

नागूनं ब्रेक दाबला. स्पीडब्रेकरच्या चार हात अलीकडं गाडी थांबली.

“अगं मरायचंय का?” नागू खिडकीतून ओरडला.

“इंजिन बंद करा. आधी बंद करा!”

तिनं मागचं दार उघडलं. आत्या उठून बसली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. “जळका वास येतोय मगापासनं,” आत्या म्हणाली. “मी बोलले तर हा बोलला, नवीन गाडीचा वास हाय.”

हर्षलानं नळी काढली, सिलिंडरचा कॉक बंद केला, आत्याला धरून उतरवलं आणि रसवंतीच्या बाकावर बसवलं. मग बॉनेट उघडलं. बॅटरीची तार सोडवली.

अँगलखाली लाल तार दबलेली होती. प्लास्टिक कापलेलं, आतलं तांबं उघडं. समोरच्या लोखंडावर काळे ठिपके, ठिणग्या उडून पडलेले. एक, दोन नाही, सात-आठ. म्हणजे कळंबपासून इथवर सात-आठ वेळा ती तार टेकली होती आणि दर वेळी, का कोण जाणे, सुटली होती. शेजारची नळी वितळून तिच्यावर ओघळली होती.

“बघा,” ती म्हणाली.

नागूनं वाकून पाहिलं.

“काका, बघितलं का? हे एकदा टेकून राहिलं असतं ना, तर तुमची तार तुटली नसती. बरोबर बोललात तुम्ही. तुमची तार राहिली असती, गाडी गेली असती. ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट.”

“म्या दहा वर्सं डीपी संबाळतोय,” नागू म्हणाला. आवाज खाली होता. “गावाला येक रात अंदारात नाय ठेवली.”

“आणि डीपी तीन जाळले.”

“डीपी सरकारचा व्हता.”

“आणि आत्या कोणाची आहे?”

नागूनं आत्याकडं पाहिलं. ती आणि तो एका आळीतले. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि पुढं हात काय करावेत हे न कळून पकड उचलून हर्षलाला दिली.

कमलेश मोबाइल धरून आला. “ताई, पब्लिकमध्ये असं रुग्णवाहिका अडवणं बरोबर दिसत नाही. लोक कमेंट करतायत.”

“तू बस,” हर्षला म्हणाली.

“कुठं?”

“आत. आत्याच्या जागेवर. मी तार जोडते, नागूकाका गाडी चालवतील, समोरच्या स्पीडब्रेकरवरून पाच वेळा. तू आडवा हो आणि लाइव्ह कर. प्रॉमिस, काही होणार नाही.”

कमलेश हसला. मग ती हसत नाही हे त्याला दिसलं. तो दोन पावलं मागं गेला. मागं जाण्याची त्याला सवयच होती.

“का रं?” बाकावरून आत्या म्हणाली. “मला झोपवलंस ना, तुला बी चालंल. जा की.”

साडेनऊ वाजत आले होते. डायलिसिसची वेळ अकराची. ती चुकली तर मशिन दुसऱ्याला मिळणार, आणि आत्याला आणखी दोन दिवस पाणी मोजून प्यावं लागणार. इथून पनवेल पाऊण तास, वाहनं असली तर जास्त. तिचे पाय आधीच सुजलेले होते. ती तक्रार करत नव्हती, पण बोलताना मध्ये श्वास घेत होती.

हर्षलानं तार मोजली. खराब तुकडा कापायचा, नव्या टोकाला लग दाबायचं, फ्यूज बसवायचा. वीस मिनिटं. पण तार तेवढी आखूड होणार, आणि मग ती सरळच न्यावी लागणार, नेमकी जिथं अँगल होता तिथून.

“बोर्ड काढावा लागेल,” ती म्हणाली.

“बोर्ड?” कमलेशचा चेहरा पांढरा झाला. ठिणग्यांचे डाग बघून झाला नव्हता. “शेठचा बोर्ड? वेडे झालात का? थांबा, मला विचारू द्या.”

त्यानं दुसऱ्या फोनवरून शेठना लावलं आणि स्पीकरवर टाकलं.

“काढायचा नाय,” शेठ म्हणाले. “आज दुपारी पाहुने यायचेत कर्जतला गाडी बघायला. ए हर्षला, तू तुझी वायर बाजूनं ने.”

“बाजूनं जात नाही शेठ. तार किंवा बोर्ड, दोन्हीतलं एकच राहील.”

“मग पेशंटला दुसऱ्या गाडीनं पाठवा. टेंपो बघा एकादा. इतके दिवस जात व्हतीच की.”

हर्षलानं पकड पिशवीत आपटली. तेवढ्यात बाकावरून हात पुढं आला. “आन त्यो फोन हिकडं,” आत्या म्हणाली.

कमलेशनं फोन दिला. तिला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

“मालोजी,” आत्या म्हणाली. “सोनू बोलतेय.”

“बोला सोनुबाई.”

“तुज्या आईला सरप चावला तेवा खाटेवर घालून नेरळला नेली. म्हाईत हाय?”

तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

“चार मानसांनी नेली. माजा नवरा येक व्हता त्यात. खांद्याची सालटी निगाली व्हती. ती जगली म्हून तू हायस. त्या खाटेवर कुनाचं नाव लिवलं व्हतं रं?”

रसवंतीवाल्यानं चरकाचं मशिन बंद केलं. थांबलेल्या दोन मोटारसायकलवाल्यांनी हेल्मेट काढली.

“माजं नाव नको लिवू,” आत्या म्हणाली. “पन मला तुज्या थोबाडासाठी जाळू नको.”

शेठनी हलक्या आवाजात विचारलं, “कमलेश, लाइव्ह चालू आहे का?”

“आहे शेठ.”

“किती जण?”

“बाराशे… तेराशे, शेठ.”

शेठनी घसा साफ केला. पुढचा आवाज मांडवातला होता. “काढा! ताबडतोब काढा तो बोर्ड! आमच्यासाठी पेशंट आधी, नाव नंतर. हर्षलाताई, तुमी आमच्या लेकीसारख्या. काय लागंल ते करा.”

“ऐकलंत मित्रांनो,” कमलेश मोबाइलकडं बघून म्हणाला, “शेठच्या आदेशानं…”

हर्षलानं पाना उचलला. क्षणभर कमलेशला तो कशासाठी उचलला आहे याची खात्री वाटेना, आणि तो रसवंतीच्या पलीकडं जाऊन बोलायला लागला.

चार बोल्ट होते. तीन सुटले, चौथा बोर्डवाल्यानं जिवाच्या आकांतानं कसलेला. नागूनं पान्याला पाइप अडकवून आपलं वजन टाकलं, तेव्हा तो कुरकुरत फिरला. शेठचा चेहरा दोघांनी मिळून उतरवला आणि पालथा घालून उसाच्या चोयट्यांवर ठेवला. हर्षलानं वितळलेला तुकडा कापून फेकला. तांब्याच्या कोऱ्या टोकाला लग घातलं, पंचानं दाबलं, ओढून पाहिलं, परत दाबलं. पत्र्याच्या धारेवर रबर. वर नळी. नागूनं मारलेले ॲल्युमिनियमचे वेढे तिनं पकडीनं उलगडले आणि त्या जागी फ्यूज बसवला.

“काका, हा गेला तर?”

“तर गाडी हुबी करायची,” नागू म्हणाला.

“आणि?”

“तुला फोन करायचा.”

“आणि तार?”

“नाय हानायची.” तो थांबला. “पन गाडीत पेशंट असंल, रानात असंल, मंग?”

हा प्रश्न खरा होता. तिला त्याचा आणखीच राग आला, कारण उत्तर सोपं नव्हतं आणि विचारणारा माणूस वाईट नव्हता. “गाडी तरी चालते तेवढी,” ती म्हणाली. “टीव्ही बंद करायचा, एसी बंद, नावं सगळी बंद. नुसत्या बॅटरीवर पनवेल गाठते ती. शेठ बंद केले की पेशंट पोचतो. एवढं लक्षात ठेवा.”

तिनं बॅटरी जोडली. नागूनं चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला आणि विझला. हर्षला स्वतः मागं चढली आणि नागूला गाडी स्पीडब्रेकरवरून न्यायला लावली, पुढं आणि मागं, पाच वेळा. मग उतरून तारेला बोट लावून पाहिलं. गार होती.

दहाला पाच कमी असताना आत्या परत आडवी झाली. हर्षलानं नळी लावली, सिलिंडर सोडला, हात लांब करून टीव्ही बंद केला. शेठ एका शब्दाच्या मध्येच गेले. कमलेश पुढं बसायला आला तर नागूनं दार आतून लावून घेतलं. “जागा नाय,” नागू म्हणाला. बाजूची सीट रिकामी दिसत होती. गाडी निघाली. कमलेश रस्त्याच्या कडेला पालथ्या चेहऱ्याशेजारी उभा राहिला आणि चौकला जायला काही मिळतं का ते विचारू लागला.

हर्षला दुकानात परतली तेव्हा शटर अर्धंच होतं आणि आत मांजर झोपलेलं. फोनवर व्हिडिओ येऊन पडला होता. त्यात आत्याचं बोलणं नव्हतं. ठिणग्यांचे डाग नव्हते. शेठचा आवाज होता, मागं बासरी होती, आणि खाली लिहिलं होतं: स्वतःचं नाव उतरवून रुग्णाचा जीव वाचवणारा माणूस. अकरा हजार लोकांना तो आवडला होता. तिच्या सख्ख्या जावेनंही हात जोडले होते. हर्षलानं फोन गल्ल्यावर उपडा टाकला. एक हेडलाइट उघडला, परत बंद केला. काय करायला उघडला होता ते आठवेना. अकरा वाजले. सव्वाअकरा. तिनं फोन सुलटा केला, लावला, कोणी उचलला नाही. परत उपडा टाकला.

अकरा पंचवीसला तो वाजला.

“लावली गं सुई,” आत्या म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, मागं मशिनची टिकटिक होती. “धा मिंटं उशीर झाला म्हून ती नर्स बोलली मला. पन मशिन ठेवलं व्हतं. नागू भायेर बसलाय, गाडीपाशी. बॉनेट उगडून बगत बसलाय निस्ता.”

“आणि वास? वास आला का परत?”

“नाय.”

“नक्की नाय? नीट आठव. पूल ओलांडताना? धक्का बसला तेव्हा?”

“नाय म्हनले ना. तू आता वरडू नको.”

“मी ओरडत नाहीये!” हर्षला म्हणाली, आणि शेजारच्या ढाब्यावर जेवायला बसलेल्या दोन ट्रकवाल्यांनी हातातला घास तसाच धरून तिच्या दुकानाकडं पाहिलं.